ग्रुपवर न आलेले अपडेट्स

कॉलेज सुटल्यानंतरची पहिली काही वर्षं अपडेट द्यायला सोपी जातात. नोकरी लागली, नोकरी बदलली, लग्न ठरलं, मुलगी झाली, स्वतःचं घर झालं. एका ओळीत काम भागतं आणि खाली धडाधड अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. त्या वयात आयुष्यच असं असतं की प्रत्येक गोष्टीची बातमी होते. मग मधली दहा-बारा वर्षं अशी येतात की बातमी म्हणावी असं काही घडतच नाही, म्हणजे घडत असतं, रोजच घडत असतं, पण ते सांगायचं कसं आणि कुणाला हेच कळत नाही. पोराने आज पहिल्यांदा तोंडावर दार आपटलं, हा काही ग्रुपवर टाकायचा अपडेट नाही. नवऱ्याशी कित्येक महिन्यांत बिलं आणि शाळेची फी सोडून दुसऱ्या कशावर बोलणंच झालेलं नाही, हा तर नाहीच नाही. मग काय, गुड मॉर्निंग येतात, जोक येतात, कुणीतरी राजकारणाचं काहीतरी फॉरवर्ड करतं, दोघं जुंपतात, अ‍ॅडमिन हात जोडून 'प्लीज नो पॉलिटिक्स' म्हणतो, एकजण रागाने ग्रुप सोडतो, त्याला परत अ‍ॅड केलं जातं, आणि या सगळ्या गोंगाटाखाली जो तो आपापलं आयुष्य मुकाट रेटत असतो.

चाळिशी नीट ओलांडली की अपडेट्स परत सुरू होतात, पण आता सूर बदललेला असतो. बाबा गेले. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. अँजिओप्लास्टी झाली, आता बरा आहे, काळजी नसावी. आम्ही दोघं वेगळे राहतोय. कंपनीने पन्नास जणांना काढलं त्यात मीही. माझं असं मत झालंय की खरं बोलणं इथून पुढे सुरू होतं. माणसं वयाने शहाणी झाली म्हणून नव्हे (आमच्या बॅचकडे बघून तसं कुणी म्हणणारही नाही), तर स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टी इतक्या वाढतात की फुशारकी मारायला जागाच उरत नाही म्हणून. आणि गंमत अशी की हे खरं बोलणं ग्रुपवर जवळजवळ कधीच येत नाही. ते रात्री साडेअकराला, वेगळ्या मेसेजमध्ये, 'जागी आहेस का' असं म्हणत येतं.

आमची बॅच बाहेर पडली तेव्हा हे असलं काही नव्हतंच. डायरीत पत्ते, लँडलाइनचे नंबर, आणि शेवटच्या दिवसांत फिरवलेली स्लॅमबुकं, ज्यात प्रत्येकाने 'कीप इन टच' लिहिलं होतं आणि बहुतेकांनी ते पाळलं नाही. दोन-तीन वर्षांत निम्मे पत्ते बदलले आणि अख्खी बॅच विरघळून गेली. मग ऑर्कुट आलं, मित्रांना जोडणारी तेव्हाची वेबसाइट. जानेवारी 2004 मध्ये. गूगलमधल्या ऑर्कुट बुयुक्कोक्तेन या इंजिनिअरने ते बनवलं म्हणून नावही त्याचंच. पुढच्याच महिन्यात फेसबुक सुरू झालं आणि तेही आधी फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरतं, म्हणजे मुळात एका कॉलेजातल्या पोरापोरींनी एकमेकांच्या प्रोफाइलमध्ये डोकावायची सोय. आणि हे दोघंही तसे उशिराच आलेले, कारण अमेरिकेत क्लासमेट्स डॉट कॉम 1995 सालीच निघालं होतं आणि इंग्लंडात फ्रेंड्स रीयुनायटेड 2000 साली. विचार करा, इंटरनेट घराघरात पोचतंय न पोचतंय तोच माणसाला काय सुचलं, तर आपल्या वर्गातली ती सध्या काय करते ते बघू!

ऑर्कुटची एक गोष्ट मला अजून आठवते आणि नंतर कुठेच तशी मिळाली नाही. टेस्टिमोनियल. म्हणजे तुमच्याबद्दल तुम्ही नाही लिहायचं, तुमच्या मित्राने लिहायचं, आणि तुम्ही फक्त ते अ‍ॅक्सेप्ट करायचं. आता बघितलं तर ती टेस्टिमोनियल्स भयंकर होती, सगळी तू खूप स्वीट आहेस छापाची, पण कल्पना किती वेगळी होती, तुमचा अपडेट दुसऱ्याच्या हातात. शिवाय आपल्या प्रोफाइलवर कोण येऊन गेलं ते दिसायचं, ती सोय बंद करून ठेवली नसेल तर चोरून बघता यायचं नाही, बघितलंस तर बघितलंस. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं तोपर्यंत आम्ही सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलो होतो. तिथे सुरुवातीला वेगळाच प्रॉब्लेम, ग्रुपात मोजकीच माणसं मावायची, मग आमच्या अ‍ॅडमिनने एक आणि दोन असे दोन ग्रुप केले आणि त्यावरून जे रुसवेफुगवे झाले ते विचारू नका, कारण दोन नंबरच्या ग्रुपात टाकलेल्यांना वाटलं आपल्याला मुद्दाम 'ब' तुकडीत टाकलंय. 2016 मध्ये मर्यादा 256 झाली तेव्हा दोन्ही ग्रुप एक झाले. आता तर 1024 माणसं चालतात. जागा भरपूर झालीय आणि बोलणं मात्र दोघादोघांतच होतं.

वर्गमित्राच्या अपडेटमध्ये एक काटा असतो जो दुसऱ्या कुणाच्या अपडेटमध्ये नसतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाने आणखी एक विमान घेतलं, आपल्याला काही फरक पडत नाही. पण ज्याला आपण व्हायवाच्या आदल्या रात्री अख्खा चॅप्टर शिकवला तो आता कुठल्यातरी कंपनीचा डायरेक्टर झालाय, हे वाचल्यावर हात अभिनंदन टाइप करतो आणि पोटात काहीतरी वेगळंच होतं. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे 1954 सालीच मांडून ठेवलंय, की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो, फार वरच्याकडे किंवा फार खालच्याकडे बघत नाही. आता वर्गमित्राइतका आपल्यासारखा दुसरा कोण असणार? तेच वय, तेच सर, तोच सिलॅबस, तोच निकालाचा कागद, एकाच रेषेवरून एकाच दिवशी सुटलेलो. भावंडांतसुद्धा दोन-चार वर्षांचं अंतर असतं, इथे तेही नाही. त्यामुळे बाकी कुणाच्या यशाला आपण नशीब, वशिला, बापाचा पैसा असं काहीतरी चिकटवू शकतो, पण याला काय चिकटवणार, हा तर आपल्यासमोर कॉपी करताना पकडला गेला होता.

बरं, ती सुरुवातीची रेषाही आपल्या आठवणीत सरळ राहिलेली नसते. हॅरी बाहरिक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1996 साली एक मजेशीर अभ्यास छापला. कॉलेजातल्या मुलांना त्यांचे शाळेतले ग्रेड आठवून सांगायला लावले आणि मग मूळ रेकॉर्डशी ताडून पाहिले. ए ग्रेड 89 टक्के वेळा बरोबर आठवली आणि डी ग्रेड फक्त 29 टक्के वेळा, आणि चुका बहुतेक वरच्याच बाजूला झालेल्या. ही तर शाळा सोडून फार दिवस न झालेली मुलं. आमच्या ग्रुपवर कुणी 'आपण काय, जेमतेम फर्स्ट क्लास' असं लाजत लाजत लिहिलं की मला हा अभ्यास आठवतो आणि बॅचमध्ये नेमके किती फर्स्ट क्लास होते तेही आठवतं, पण मी गप्प बसते. इतक्या वर्षांनी कुणाची मार्कशीट कशाला काढा. शिवाय माझीही कुणीतरी काढेल.

आता मुख्य गोष्ट सांगते, जी सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला. तपशील थोडे बदललेत आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितेय.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच अचानक सगळ्यांची आठवण झाली होती तसं आमच्याही बॅचचं ऑनलाइन गेटटुगेदर ठरलं. अ‍ॅडमिनने (तोच, दोन ग्रुपवाला) नियम केला की प्रत्येकाला दोन मिनिटं, नाव, सध्या कुठे, काय करतो, फॅमिली. सुरुवात झाली. एकेक जण कॅमेऱ्यासमोर येतोय, केस काळे केलेले किंवा उडालेले, मागे पुस्तकांचं कपाट मुद्दाम दिसेल असं लावलेलं, आणि सगळ्यांचं बोलणं एकाच चालीवर. अमुक कंपनीत अमुक वर्षं, टीम एवढी, आधी इकडे होतो आता तिकडे, मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. एक होता त्याने तर स्क्रीन शेअर करायची परवानगी मागून ठेवली होती, त्याच्याकडे स्लाइड्स होत्या, मी खोटं सांगत नाहीये. मी म्यूट करून कपडे घड्या घालत होते.

मग 'त्याचा' नंबर आला. आमच्या वर्गात पहिल्या तिघांत असायचा, परदेशात मोठ्या नोकरीला गेलेला, मध्येच गायब झालेला. तो म्हणाला, मी नोकरी सोडून परत आलोय, आई बेडवर आहे, तिचं सगळं मीच करतो. एवढं बोलून थांबला. दोन मिनिटांतली पावणेदोन शिल्लक होती. अ‍ॅडमिनला काय बोलावं सुचेना, तो म्हणाला, ग्रेट, ग्रेट, आणि मग दिवसभर काय करतोस? आता हा प्रश्न किती बावळट आहे ते त्यालाही विचारल्यावरच कळलं असणार. पण याने शांतपणे उत्तर दिलं. सकाळी आधी पाठ तपासतो, कुठे लाल झालंय का, कारण एकदा बेडसोर झाला की भरता भरत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, अलार्म लावलेला असतो. मग औषधं, मग अंग पुसणं, मग पेपर वाचून दाखवतो. आई शिक्षिका होती. मी कोण ते तिला बऱ्याचदा आठवत नाही पण मी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलो की टोकते.

यावर सगळे हसले आणि हसून झाल्यावर कुणालाच पुढे काय करावं कळेना. तेवढ्यात खरंच अलार्म वाजला. तो म्हणाला, एक मिनिट हां, आणि फोन तसाच टेबलावर आडवा ठेवून गेला. आता स्क्रीनवरच्या त्याच्या चौकोनात नुसता छताचा पंखा. आणि आवाज येतोय, आई, डावीकडे वळायचंय, हात इकडे दे, एक, दोन, आणि तीन. उशी सरकवल्याचा आवाज. ती काहीतरी पुटपुटली, तो म्हणाला, हो हो, झालं. एवढी माणसं कॉलवर, बहुतेकांचे माइक चालू, आणि एकाच्याही घरातून चमचा पडल्याचासुद्धा आवाज नाही.

पुढचा नंबर नेमका स्लाइड्सवाल्याचा. मला वाटलं हा आता करणार सुरू. तर तो म्हणाला, माझं राहू दे, मला एक सांग, एअर मॅट्रेस कुठली वापरतोस? आमच्याकडे बाबांना आणलीय ती रात्रभर घरघर करते, त्यांना झोप लागत नाही. मग याने सांगितलं, पंप पायाच्या बाजूला लटकव, बेडच्या लाकडाला टेकू देऊ नकोस, त्याने आवाज वाढतो, आणि हवा किती भरायची ते वजनावर असतं, नुसती टम्म फुगवायची नसते. मग आणखी एकीने विचारलं की रात्रीसाठी माणूस ठेवायचा तर कुणावर विश्वास ठेवायचा. मग एकजण म्हणाला, माझी आई मलाच चोर समजते, तिचे दागिने मी पळवले म्हणून शेजाऱ्यांना सांगते, आणि हे सांगताना तो हसत होता पण आवाज बसलेला. अर्धापाऊण तास नुसतं हेच चाललं. व्हीलचेअर, डायपर, नळी बदलणं, भावाभावांत कोण किती करतं, बायको किती करते आणि तिला कोण विचारतं. उरलेल्यांची दोन मिनिटं राहूनच गेली. त्यांच्यातला कोण कुठल्या कंपनीत आहे ते मला आजही माहीत नाही.

त्या कॉलनंतर ग्रुप लगेच बदलला वगैरे असं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुड मॉर्निंग आलंच, उगवत्या सूर्यासकट. पण आतून काहीतरी रस्ते तयार झाले होते. स्लाइड्सवाला आणि हा, कॉलेजात दोघं एकमेकांशी चार वाक्यं बोलले नसतील, आता आठवड्यातून एकदा तरी फोन असतो. मलाही कुणाकुणाचे मेसेज यायला लागले. त्यातून जे कळलं त्यातलं जवळजवळ काहीच ग्रुपवर कधी आलेलं नाही. आमची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, जिचे सगळ्यात सुंदर फोटो असायचे, तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालीत, फोटो सगळे जुने. एकाचा मुलगा दोन वर्षं खोलीबाहेर येत नाहीये. एकजण दारू सोडून आता नीट आहे आणि त्याचा त्याला प्रचंड अभिमान आहे, पण सोडली हे सांगायचं तर आधी लागली होती हे सांगावं लागतं, म्हणून प्रमोशनची बातमी टाकली आणि ही टाकली नाही. दोन्हीत अवघड कोणतं होतं? प्रमोशन तर त्याला नाहीतरी मिळणारच होतं.

मी मग स्वतःच कुणाकुणाला मेसेज करायला लागले आणि तिथे एक विचित्र अडचण येते. नंबर समोर असतो, बोलावंसं वाटत असतं, दोन ओळी लिहूनही होतात, आणि पाठवला जात नाही. वाटतं, इतक्या वर्षांनी मी काय म्हणून मध्येच उगवतेय, त्याला वाटेल इन्शुरन्स विकतेय. ही फक्त माझी खोड नाही म्हणे. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघी संशोधकांचा 2024 मध्ये याच विषयावर पेपर आलाय. त्यांनी लोकांना असा जुना मित्र निवडायला सांगितला ज्याला आपल्या मेसेजने बरं वाटेल, ज्याचा नंबर जवळ आहे, मेसेज लिहायला वेळही दिला, तरी एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो पाठवला. आणि जुन्या मित्राशी परत बोलायला माणसं जितकी कचरतात तितकीच ती अगदी अनोळखी माणसाशी बोलायलाही कचरतात, असं त्यांना दिसलं. मला हे शंभर टक्के पटलं. जुना मित्र तर अनोळखी माणसापेक्षा अवघड, कारण अनोळखी माणूस 'इतके दिवस कुठे होतीस' असं विचारत नाही.

पण एकदा गेला मेसेज की मात्र आजवर मला कुणी थंड उत्तर दिलेलं नाही. एक सोडून. त्याने नुसता अंगठा पाठवला आणि मग चार दिवसांनी रात्री भलामोठा मेसेज, ज्याची सुरुवात 'तू परवा विचारलंस म्हणून सांगतो' अशी होती.

तर आता आमच्या बॅचची पंचविशी येतेय आणि त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरलीय. प्रत्येकाने दीडशे शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं, एक जुना फोटो, एक नवा. लिखाण गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण म्हणे मी 'लिहिते'. यात आम्ही काही नवीन करत नाही आहोत, हार्वर्डमध्ये तर ही जुनी पद्धत आहे, प्रत्येक बॅचचं लाल कव्हरचं पुस्तक दर पाच वर्षांनी निघतं आणि माजी विद्यार्थी त्यात आपापलं काय चाललंय ते लिहितात. त्याच हार्वर्डमध्ये 1938 साली 268 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास सुरू झाला आणि तो इतका लांबला की त्या मुलांचे म्हातारे झाले, मग त्यांच्या मुलांपर्यंत गेला. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन केनेडीही त्या मुलांत होता. या लोकांना साधारण दर दोन वर्षांनी प्रश्नावली जायची, तब्येत कशी, नोकरी कशी, संसार कसा. त्यातून निघालेली गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, की पन्नाशीत ज्यांना आपली नाती समाधानाची वाटत होती ते ऐंशीत जास्त निरोगी राहिले, आणि ते कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून नाही इतकं नात्यांवरून कळलं. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी आयुष्यभर, न चुकता, परत परत विचारत राहिलं. आणि ते विचारणारं माणूस शर्यतीत नव्हतं, उत्तर ऐकून त्याच्या पोटात काही होणार नव्हतं. वर्गमित्राला ही जागा मिळायला पंचवीस वर्षं लागतात बहुतेक.

स्मरणिकेसाठी आलेले दीडशे शब्द वाचताना बाकी मला फार मजा येतेय. निम्म्यांनी लिंक्डइनवरचंच चिकटवलंय, 'परिणामकारक नेतृत्व' वगैरे. एकीने दीडशेच्या दीडशे शब्द तिच्या कुत्र्यावर लिहिलेत आणि ते सगळ्यात वाचनीय आहेत. वर्गाचा जुना ग्रुप फोटो ग्रुपवर टाकून मागच्या रांगेतली नावं विचारली तर दहा मिनिटांत सगळे ओळखले गेले. इथेही तो बाहरिकच. 1975 साली त्याने 392 लोकांवर अभ्यास केला होता, त्यात शाळा सोडून 35 वर्षं झालेले लोकही वर्गातले चेहरे नव्वद टक्क्यांच्या आसपास ओळखत होते, फोटो न दाखवता नुसती नावं आठवा म्हटलं तर मात्र दांडी. मागच्या रांगेतल्या एकाबद्दल चारजणांनी लिहिलं, अरे हा कुठे असतो सध्या? तो ग्रुपमध्येच होता. मेसेजखाली वाचल्याची खूणही होती. काही बोलला नाही.

फॉर्म मी बनवला नव्हता, अ‍ॅडमिनने बनवला. त्यात नावाखाली 'सध्याचं पद आणि कंपनी' असा रकाना आणि त्याला लाल स्टार, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. मी म्हटलं हा रकाना काढ, ज्याला सांगायचंय तो दीडशे शब्दांत सांगेल. तो म्हणाला, मग नावाखाली छापायचं काय? मी म्हटलं रोल नंबर छाप. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग नेहमीप्रमाणे ग्रुपवर पोल झाला, पद हवं की नको, आणि पद जिंकलं, चांगल्या फरकाने जिंकलं, ते मान्य करायला हवं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, आईवाल्याचा. आई जाऊन आता वर्ष होऊन गेलंय. तो परत नोकरी शोधतोय पण मधली इतकी वर्षं रिकामी दिसतात म्हणून इंटरव्ह्यूच्या पुढे काही सरकत नाही. म्हणाला, अगं, मी स्मरणिकेचं लिहिलंय, आईवरच लिहिलंय, थोडं जास्त झालंय, दोनशे चालतील का? आणि तो फॉर्म सबमिटच होत नाहीये, माझ्या फोनचा प्रॉब्लेम आहे का बघ जरा. मी म्हटलं थांब. फॉर्मचा अ‍ॅक्सेस माझ्याकडे होताच, रकाना तसाच ठेवला आणि फक्त स्टार काढून टाकला. म्हटलं, आता कर. गेला.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं की फॉर्ममध्ये छोटा टेक्निकल इश्यू होता, आता चालतोय. रात्रीपर्यंत कितीतरी अडकलेले फॉर्म आले, ज्यांना मी महिनाभर आठवण करून करून थकले होते त्यांचेही, त्यात तो मागच्या रांगेतला सुद्धा. बऱ्याच जणांचा तो रकाना कोरा. अ‍ॅडमिन चिडलाय. त्याचं म्हणणं, डिझायनरने प्रत्येक नावाखाली एक ओळ ठेवलीय, ती मध्येच रिकामी सुटली की पानाचा लेआउट बिघडतो, तिथे काहीतरी टाकावंच लागेल. मी सगळ्यांचे रोल नंबर काढून त्याला पाठवलेत. अजून त्याने उत्तर दिलेलं नाही, पण मेसेज वाचलाय.